वही दाखवा

गोदीत सगळ्याचा हिशेब असतो. जहाजातून किती माल उतरला, कोणत्या टोळीनं उतरवला, किती गोणी फाटल्या, सगळं टॅली क्लार्क लिहून घेतो. एक गोणी कमी भरली तर मुकादम अख्ख्या टोळीला उन्हात उभं करतो. गोणी कुठं गेली ते सापडेस्तोवर कुणी घरी जात नाही.

माणूस कमी भरला तर कुणाला उभं करायचं? या अंकात मला एवढंच विचारायचंय.

गेल्या पावसाळ्यात रात्रपाळीला आमच्या टोळीतल्या एका गड्याच्या पायावर लोखंड आलं. नडगीचे दोन तुकडे. चौघांनी उचलून टॅक्सीत घातला आणि सरकारी इस्पितळात नेला. इस्पितळाचं नाव लिहीत नाही. तुमच्या वस्तीजवळचं जे असेल त्याचं नाव तिथं घाला, गोष्ट फारशी बदलायची नाही.

एक्स-रे मशीन बंद. बाहेरून काढून आणा. काढून आणला. ऑपरेशन करावं लागेल, रॉड आणि स्क्रू शिल्लक नाहीत, बाहेरून आणा. हातात चिठ्ठी. वहिनीनं अर्धे पैसे बचतगटातून काढले, अर्धे व्याजानं. पैसे उभे राहीस्तोवर आठ दिवस गडी पाय बांधून पडून.

त्यातल्या एका रात्री मी वॉर्डातल्या पोरगेल्या डॉक्टरची कॉलर धरली. लपवत नाही. संपादकीयात लिहायची गोष्ट नाही ही, पण खोटं लिहिण्यापेक्षा बरी. तो माझ्याच वयाचा, डोळे लाल, दोन रात्री झोपलेला नसावा. तो म्हणाला, ‘मारा. पण रॉड माझ्या खिशात नाही.’

कॉलर सोडली. राग सोडला नाही.

दोस्तहो, आपल्या रागाचं एक दुखणं आहे. तो समोर उभ्या असलेल्या माणसावर पडतो. सिस्टरवर पडतो, शिकाऊ डॉक्टरवर पडतो, वॉर्डबॉयवर पडतो, आणि वॉर्डबॉय तर बहुतेकदा आपल्याच वस्तीतला, ठेक्यावर राबणारा. ज्यानं खरेदीची फाईल दाबून ठेवली तो समोर नसतो. त्याच्या केबिनला दार असतं, दाराला शिपाई असतो. आपण चार काचा फोडतो, दुसऱ्या दिवशी आपल्याच चार पोरांवर केस होते, आणि फाईल होती तिथंच राहते.

समोर नसलेल्या माणसाचा पत्ता कुठं सापडतो? वहीत.

म्हणून मी वही मागायला गेलो. माहितीचा अधिकार कायदा २००५ सालचा, १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू. दहावी शिकलेल्या गोदी कामगाराला कळेल एवढा सोपा. जोडपत्र ‘अ’चा नमुना, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालचा असाल तर तेही दहा रुपये नाहीत, दाखल्याची प्रत जोडा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा. लिहून घ्यायला मदत करणं हे माहिती अधिकाऱ्याचं काम आहे, त्याचे उपकार नव्हेत.

बारनिशीच्या टेबलावर कारकून म्हणाला, ‘पेशंटचे तुम्ही कोण?’

‘टोळीवाला.’

‘मग तुम्हाला कशाला पाहिजे?’

कलम ६(२). माहिती कशाला पाहिजे हे अर्जदाराला विचारता येत नाही. हे मी पाठ करून गेलो होतो, पण सांगताना माझा आवाज कापला, हेही लिहून ठेवतो. कागदी माणसासमोर आपला आवाज कापतो. शंभर किलोचा माल पाठीवर घेताना कापत नाही, पण ‘पोच द्या’ एवढे दोन शब्द म्हणताना कापतो. तो पिढ्यांचा काप आहे, एका अर्जानं जायचा नाही. दुसऱ्या अर्जाला कमी होतो.

पोच घेतली. शिक्का, तारीख, सही.

अर्ज दोन केले, कारण महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द, एवढीच मुभा आहे. पहिल्यात मागितलं: एक्स-रे मशीनच्या बिघाडाच्या नोंदींची प्रत, आणि दुरुस्तीसाठी केलेला पत्रव्यवहार. दुसऱ्यात: रॉड-स्क्रूच्या साठा नोंदवहीची त्या तीन महिन्यांची पानं, आणि वर पाठवलेली मागणीपत्रं. ‘मशीन बंद का?’ असं कुठंही विचारलं नाही. हे ध्यानात ठेवा. ‘का’ विचारलं की ते उत्तर टाळतात, आणि कायदाही त्यांच्याच बाजूनं उभा राहतो. कागदावर जे आहे तेवढंच त्यांनी द्यायचं असतं. म्हणून कागद मागा. ‘का’चं उत्तर कागदच देतो.

तीस दिवसांची मुदत. तिसाव्या दिवशी उत्तर आलं: माहिती व्यक्तिगत स्वरूपाची असल्याने देता येत नाही.

मशीनचं व्यक्तिगत आयुष्य! साहेबांच्या घरी वीज जात नाही, एवढं मला ठाऊक होतं. यंत्रालाही अब्रू असते हे नवीन कळलं.

यात हसण्यासारखं फार नाही. व्यक्तिगत माहितीचं कलम ८(१)(ञ) पूर्वी सैल होतं, जनहित असेल तर माहिती द्यावी असं त्यातच लिहिलेलं होतं. २०२३ च्या डिजिटल डेटा संरक्षणाच्या कायद्यानं ते शब्द काढून टाकले. ‘व्यक्तिगत’ म्हणून दार लावून घेणं आता सोपं झालंय. तरी कलम ८(२) शिल्लक आहे: जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. आणि बंद मशीन ही व्यक्ती नव्हे, हे सांगायला तर कलमही लागत नाही.

वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं. ते त्याच इस्पितळातल्या वरच्या साहेबाकडे असतं. उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांत करायचं. सुनावणीला पाळी बुडवून गेलो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, अर्जाकडे पाहिलं, आणि म्हणाले, ‘दाखवून टाका याला वही.’

दाखवली. लोखंडी स्टुलावर बसून दोन तास मी ती वही वाचली. मशीन आमचा गडी यायच्या आधी एक्केचाळीस दिवस बंद होतं. विभागानं दुरुस्तीसाठी तीन पत्रं लिहिली होती. उत्तर एकाचंही नाही. रॉडचा साठा शून्य. मागणीपत्र गेलेलं, त्यावर शेरा: निधी उपलब्ध होताच. आणि मागणीपत्राखाली सही होती त्या पोरगेल्या डॉक्टरच्या वॉर्डाच्या प्रमुखाची.

म्हणजे ज्याची कॉलर मी धरली, तो आमच्याच बाजूनं लिहून थकलेल्या माणसांच्या हाताखाली राबत होता. मला माझ्या हाताची लाज वाटली. ती वाटायला मला दोन तास वही वाचावी लागली.

झेरॉक्सला पानाला दोन रुपये. ती पानं घेऊन आम्ही टोळीचे आणि वस्तीचे मिळून तीसेक जण अधीक्षकांना भेटलो. घोषणा दिल्या नाहीत. तारखा वाचून दाखवल्या. पुढच्या महिन्यात मशीन सुरू झालं. आमच्यामुळं की आपोआप, ते सांगत नाही. त्याचीही नोंद मागायचीय. गड्याचा पाय मात्र सरळ बसला नाही. व्याज चालू आहे. हा विजयाचा लेख नाही.

काही जण म्हणतील, कागदांच्या मागं लागणं हे पांढरपेशांचं काम, आपलं काम रस्त्यावर. त्यांनी हा कायदा कुठून आला ते पाहावं. राजस्थानात दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांना मजुरी कमी मिळायची, तेव्हा त्यांनी हजेरीपट दाखवा म्हटलं. १९९४ पासून मजदूर किसान शक्ती संघटनेनं गावोगाव जनसुनावण्या घेतल्या, हजेरीपट चारचौघांत मोठ्यानं वाचले, आणि मेलेली माणसं कामावर हजर सापडली. १९९६ साली ब्यावरला चाळीस दिवस धरणं झालं. हा कायदा साहेबांच्या टेबलावर जन्मला नाही. तो मजुराच्या हजेरीपटातून आलाय.

आणि वहीची किंमत कोर्टालाही कळलेली आहे. १९९२ च्या जुलैत बंगालमध्ये हकीम शेख नावाचा शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला मार. कलकत्त्याची एकामागून एक सरकारी इस्पितळं त्याला परत पाठवत राहिली, खाट नाही म्हणून. शेवटी खाजगीत उपचार झाले, सतरा हजार रुपये गेले. त्याच्या संघटनेनं सुप्रीम कोर्ट गाठलं. १९९६ साली निकाल लागला: वेळेवर उपचार न देणं म्हणजे घटनेच्या कलम २१ चा, जगण्याच्या हक्काचा भंग, आणि पैसा नाही ही सबब सरकारला चालणार नाही. पंचवीस हजारांची भरपाई. त्या प्रकरणातल्या चौकशी समितीनं सांगितलं होतं, दारात आलेल्या प्रत्येक रोग्याची नोंद ठेवा: कधी आला, काय झालं होतं, दाखल केला की कुठं पाठवला. कारण वहीत नसलेला रोगी आलाच नव्हता, असं म्हणता येतं.

२०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस माणसं गेली, त्यांत बारा नुकती जन्मलेली. हायकोर्टानं आपणहून दखल घेतली. पेपरात चार दिवस मथळे आले. पण औषधं नाहीत, माणसं कमी आहेत, हे त्या चोवीस तासांत घडत नसतं. ते महिनोन् महिने वहीत चढत असतं. मथळा येण्याआधी ती वही कुणीतरी वाचायला हवी. ती कुणीतरी म्हणजे आपण.

कायदा कागदावर आहे म्हणून स्वस्थ बसू नका. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला होता. महाड नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. कागद तयार होता, तळं तिथंच होतं, आणि कुणाची ओंजळ पाण्याला लागली नव्हती. ती लागायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि माणसांना पायऱ्या उतराव्या लागल्या. माहितीच्या कायद्याचंही तसंच. पायऱ्या आपल्याच पायांनी उतरायच्या.

तेव्हा प्रत्येक वस्तीत दोघं-तिघं ठरवा. जवळच्या सरकारी इस्पितळाची औषध साठ्याची वही, बंद यंत्रांची नोंद, मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती, एवढं दर तीन महिन्यांनी मागा. दुसऱ्या रोग्याचा आजार मागू नका. तो त्याचा आहे. स्वतःचा केसपेपर मात्र हक्कानं मागा, २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे तो बहात्तर तासांत द्यायचा असतो. कुणाच्या जिवाचा प्रश्न असेल तर अर्जावर तसं ठळक लिहा. मग मुदत तीस दिवसांची नाही, अठ्ठेचाळीस तासांची. पहिलं अपील फेटाळलं तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे जा. तिथं वेळ लागतो, वर्षही उलटतं. पण उशीर करणाऱ्या माहिती अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे, जास्तीत जास्त पंचवीस हजारांचा दंड त्याच्याच खिशातून होऊ शकतो. खिशाची भाषा त्यांना लवकर कळते.

मी कविता लिहितो. वहीशी माझं नातं जुनं आहे. आतापर्यंत वाटायचं, माझी वही आणि त्यांची वही वेगळी. त्या लोखंडी स्टुलावर कळलं, त्यांच्या वहीतही आपणच आहोत. नाव नसलेले, ‘शिल्लक शून्य’च्या रकान्यात बसवलेले.

ते पान उघडा. मोठ्यानं वाचा. एक गोणी कमी पडली तर टोळी उभी राहते. माणूस कमी पडला तर आता साहेब उभा राहू द्या.