विद्यार्थी-खेळाडूचा गुडघा

अमेरिकेत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडील फुटबॉल नव्हे. त्यात चेंडू पायाने मारण्याचे प्रसंग थोडे. लंबगोल चेंडू छातीशी धरून धावणे, तो पुढे फेकणे आणि चेंडू घेऊन निघालेल्याला अंगावर झेप घेऊन जमिनीवर पाडणे हाच त्या खेळाचा गाभा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा खेळ विद्यापीठांच्या आवारातच वाढला आणि आजही शनिवारच्या दुपारी तेथे तो ज्या थाटात चालतो तो थाट अनेक व्यावसायिक संघांनाही लाभत नाही. मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडांगणात एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. ‘बिग टेन’ या विद्यापीठ-समूहाने २०२२ साली दूरचित्रवाणी कंपन्यांशी सात वर्षांचा जो करार केला त्याची रक्कम सात अब्ज डॉलरहून अधिक होती. अनेक राज्यांत शासकीय वेतनपटावरचा सर्वाधिक पगाराचा मनुष्य राज्यपाल नसतो, कुलगुरूही नसतो. विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक असतो. या सगळ्या डोलाऱ्याचा भार अखेर अठरा ते बावीस वर्षांच्या मुलांच्या गुडघ्यांवर पडतो, आणि तो गुडघा निकामी झाला म्हणजे खर्च कोणाच्या नावे पडतो, हा प्रश्न मुख्यतः अर्थशास्त्राचा आहे.

गुडघ्याचा सांधा रचनेनेच नाजूक. खुब्याचे हाड खोबणीत बसलेले असते. गुडघ्यात मांडीचे आणि नडगीचे हाड एकमेकांवर नुसते टेकलेले असते. त्यांना जागच्या जागी धरून ठेवण्याचे काम चार प्रमुख अस्थिबंध करतात, दोन बाजूंचे आणि दोन सांध्याच्या आत एकमेकांना छेदून जाणारे. आतल्यांपैकी पुढचा जो अस्थिबंध, ज्याचा उल्लेख क्रीडापृष्ठांवर ‘एसीएल’ असा येतो, तो नडगीचे हाड पुढे सरकू देत नाही आणि सांध्याची पीळ आवरतो. धावता धावता पाऊल रोवून एकाएकी दिशा बदलावी, खिळ्यांचा बूट जमिनीत घट्ट रुतलेला असावा आणि वरचे धड वळावे, एवढ्यानेही तो तुटू शकतो; त्यासाठी दुसऱ्या कोणी धडक देण्याची गरज नसते. गुडघ्यावर बाहेरच्या अंगाने धडक बसली तर आतल्या बाजूचा अस्थिबंध प्रथम फाटतो. तो बहुधा विश्रांतीने सांधतो. एसीएल मात्र सहसा आपोआप सांधत नाही. खेळाडूच्याच गुडघ्याच्या वाटीखालची किंवा मांडीच्या मागच्या बाजूची कंडरा काढून तिचा नवा अस्थिबंध करावा लागतो व मैदानावर परतण्यास नऊ महिने ते वर्ष लागते. याहूनही महत्त्वाची गोष्ट पुढे घडते. दहा ते वीस वर्षांनी तपासले असता अशा रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांच्या गुडघ्यात सांधेझीज आढळते, आणि शस्त्रक्रियेने हा धोका टळतोच असे नाही. विशीत पडलेला मुलगा चाळिशीत जिना चढताना कठड्याचा आधार घेऊ लागतो.

अलाबामा विद्यापीठाच्या जो नेमथ याचा उजवा गुडघा १९६४ साली एका सामन्यात दुखावला. पुढच्या जानेवारीत त्याने न्यूयॉर्कच्या व्यावसायिक संघाशी त्या काळी विक्रमी ठरलेला ४,२७,००० डॉलरचा करार केला आणि लगेच शस्त्रक्रिया करून घेतली. त्याच वर्षी सैन्याच्या डॉक्टरांनी तोच गुडघा तपासून त्याला लष्करी सेवेस अपात्र ठरवले. व्हिएतनामच्या युद्धाला जो गुडघा चालला नाही तो रविवारच्या खेळाला पुढे बारा-तेरा वर्षे चालवला गेला, आणि १९९२ मध्ये त्याचे दोन्ही गुडघे बदलावे लागले. पण नेमथच्या गुडघ्याला भाव होता. ज्यांच्या गुडघ्याला भाव नाही त्यांची कथा निराळी आहे.

१९५० हे वर्ष या संदर्भात तीन कारणांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी ओक्लाहोमा विद्यापीठाच्या संघाची शुश्रूषा करणारे शल्यविशारद डॉन ओ’डोनॉह्यू यांनी गुडघ्याच्या मोठ्या दुखापतींवरील आपला निबंध प्रसिद्ध केला. दोन अस्थिबंध आणि आतली कूर्चेची गादी एकदम फाटण्याच्या प्रकाराकडे त्यांनी लक्ष वेधले व लवकर शस्त्रक्रिया करण्याचा आग्रह धरला. क्रीडावैद्यकाचे शास्त्र असे विद्यापीठांच्या मैदानांवरील जखमींमुळे पुढे गेले. त्याच वर्षी कार्ल विल्यम काप यांचा खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चांवरील ग्रंथ आला. उद्योगाचा नफा मालकाच्या वहीत जमा होतो आणि त्याचे कित्येक खर्च कोणत्याच वहीत न लिहिता कामगाराच्या व समाजाच्या अंगावर ढकलले जातात, असे काप यांचे प्रतिपादन होते. माणसाच्या शरीराची झीज हा त्यांपैकी एक प्रमुख खर्च त्यांनी मानला होता. तिसरी घटना डेन्व्हर विद्यापीठाच्या मैदानावरची. नेमेथ नावाच्या विद्यार्थ्याची पाठ फुटबॉलच्या सरावात जायबंदी झाली. टेनिसची मैदाने राखण्याचे काम विद्यापीठाने त्याला दिले होते, पण ते काम तो फुटबॉल खेळतो म्हणूनच त्याला मिळाले होते. कोलोराडोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये त्याला विद्यापीठाचा कामगार मानून नुकसानभरपाईचा निवाडा कायम केला.

या निकालाने विद्यापीठांच्या गोटात घबराट उडाली असल्यास नवल नाही. प्रत्येक मोडलेला पाय आणि प्रत्येक तुटलेला गुडघा हा कामगार-नुकसानभरपाईचा दावा होऊ शकत होता. तेव्हा राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने, म्हणजे एनसीएएने, ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा जोडशब्द घडवला आणि तो आपल्या नियमांत व व्यवहारात सर्वत्र रूढ केला. हा आरोप संघटनेच्या विरोधकांनी रचलेला नाही. १९५१ ते १९८७ पर्यंत तिचे कार्यकारी संचालक असलेल्या वॉल्टर बायर्स यांनीच निवृत्तीनंतर, १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात, खेळाडूंना कर्मचारी ठरवले जाण्याच्या धास्तीतून हा शब्द कसा जन्मला हे सांगून टाकले. शब्द कामी आला. १९५५ मध्ये कोलोराडोतीलच एका लहान महाविद्यालयाचा खेळाडू डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या विधवेचा दावा त्याच न्यायालयाने १९५७ मध्ये नाकारला. १९७४ साली सामन्यात मान मोडून पंगू झालेल्या केंट वॉल्ड्रेपच्या दाव्याचाही असाच निकाल टेक्सासमध्ये २००० साली लागला.

आपल्या वाचकांना या युक्तीची ओळख करून देण्याची गरज नाही. महाराष्ट्रातील आशा कार्यकर्तीला शासन ‘स्वयंसेविका’ म्हणते, अंगणवाडी सेविकेला पगार न देता ‘मानधन’ देते, आणि मोटारसायकलवरून घरोघर जेवण पोचवणाऱ्या पोराला कंपनी ‘पार्टनर’ अशी पदवी बहाल करते.

बरे, ज्या शिक्षणाच्या नावाने हे चालते ते शिक्षण तरी गुडघा गमावलेल्याला निश्चित मिळते काय? १९७३ साली एनसीएएने शिष्यवृत्तीची मुदत एका वर्षावर आणली. प्रशिक्षकाच्या मर्जीवर ती दरवर्षी नवी व्हायची. शस्त्रक्रियेनंतरचे नऊ महिने आणि शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाची तारीख यांची गाठ पडली की मुलाला अर्धवट बऱ्या झालेल्या पायावर मैदानात उतरण्याची घाई का होत असे, हे समजण्यास मानसशास्त्र लागत नाही. अनेक वर्षांची शिष्यवृत्ती देण्याची मुभा २०१२ मध्ये परत आली. केवळ खेळातील कामगिरीच्या कारणास्तव ती काढून घेऊ नये असा नियम पाच बड्या विद्यापीठ-समूहांनी जानेवारी २०१५ मध्ये केला. म्हणजे चार दशके शिक्षणाचा हक्क हा गुडघ्याच्या प्रकृतीवर अवलंबून राहू शकत होता.

विमा हा या व्यवस्थेने शोधलेला दुसरा मार्ग, आणि तो वर्गभेदाचे उघडे प्रदर्शन आहे. ३ जानेवारी २००३ रोजी राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यात मायामी विद्यापीठाच्या विलिस मॅकगॅहीच्या गुडघ्यातील तीन अस्थिबंध एका धडकेत तुटले. सामन्याच्या थोडेच आधी त्याने २५ लाख डॉलरचा विमा उतरवला होता. सुदैवाने तो पुढे व्यावसायिक खेळात शिरला. साउथ कॅरोलायनाच्या मार्कस लॅटिमोरचा एक गुडघा २०११ मध्ये गेला आणि दुसरा ऑक्टोबर २०१२ मध्ये. एका व्यावसायिक संघाने त्याला निवडले, परंतु एकही सामना न खेळता २०१४ मध्ये त्याला निवृत्त व्हावे लागले. १ जानेवारी २०१६ रोजी नोत्र दामच्या जेलन स्मिथचे दोन अस्थिबंध तुटले, पायाच्या मज्जातंतूलाही इजा झाली आणि निवडीच्या यादीत तो खाली घसरला. त्याच वर्षाच्या अखेरीस लिओनार्ड फोर्नेट आणि ख्रिश्चन मॅकॅफ्री या दोन नामांकित खेळाडूंनी हंगामाअखेरचा सामना खेळण्यास नकार दिला, तेव्हा सहकाऱ्यांशी बेइमानी केल्याची ओरड झाली. वस्तुतः आपल्या श्रमाच्या साधनाची काळजी घेणाऱ्या कारागिराहून त्यांनी वेगळे काही केले नव्हते. अधिक पगारासाठी मोसमाच्या मध्यावर दुसरे विद्यापीठ गाठणाऱ्या प्रशिक्षकांना असले बोल क्वचितच ऐकावे लागतात.

परंतु विमा कंपनी भावी उत्पन्नाचा विमा उतरवते, गुडघ्याचा नव्हे. महाविद्यालयीन खेळाडूंपैकी शंभरात दोघेही व्यावसायिक खेळापर्यंत पोचत नाहीत. उरलेल्यांच्या भावी कमाईला बाजारात किंमतच नाही, म्हणून विमाही नाही. एनसीएएची स्वतःची आपत्ती-विमा योजना आहे खरी, पण वैद्यकीय खर्च ९०,००० डॉलरच्या वर गेल्यावर ती सुरू होते. एसीएलची शस्त्रक्रिया, अमेरिकन दरांनीही, सहसा तेवढ्यात बसते. गुडघा ही ‘आपत्ती’ ठरण्याइतका महाग नाही. ऑगस्ट २०२४ पासून खेळणे संपल्यानंतरची दोन वर्षे दुखापतीच्या उपचारांचा खर्च देणारी योजना संघटनेने सुरू केली आणि ती सुधारणा आहे हे मान्य केले पाहिजे. मात्र सांधेझिजेला दोन वर्षे लागत नाहीत, दहा-वीस लागतात.

लहान महाविद्यालयांत तर परिस्थिती अधिकच बिकट. २००४-०५ ते २०१३-१४ या दहा हंगामांतील नोंदींवर आधारलेल्या एका अभ्यासात असे दिसले की, कनिष्ठ विभागांत कृत्रिम हिरवळीवर एसीएल तुटण्याचे प्रमाण नैसर्गिक गवताच्या दीडपटीहून अधिक होते. वरिष्ठ विभागात हा फरक तसा आढळला नाही. कारण निश्चितपणे सांगता येत नसले तरी बड्या विद्यापीठांना नवे मैदान अंथरणे परवडते आणि इतरांना जुन्यावर भागवावे लागते, ही शंका वाजवी आहे.

२०१४ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या केन कोल्टरने सहकाऱ्यांना घेऊन कामगार संघटनेच्या मान्यतेसाठी राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाकडे अर्ज केला. त्याच्या मागण्यांत दुखापतींच्या उपचाराची हमी अग्रभागी होती, ही गोष्ट नंतरच्या पैशाच्या गदारोळात विसरली गेली. मंडळाच्या प्रादेशिक संचालकाने मार्च २०१४ मध्ये शिष्यवृत्तीधारक खेळाडू हे कर्मचारी आहेत असा निर्णय दिला. ऑगस्ट २०१५ मध्ये पूर्ण मंडळाने आपण या प्रकरणात अधिकारच वापरणार नाही असे म्हणून तो बाजूला सारला. त्यानंतर पैसा आला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएविरुद्ध एकमताने निकाल दिला, त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमाई करण्याची मुभा मिळाली, आणि जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीने प्रत्येक विद्यापीठाला पहिल्या वर्षी २.०५ कोटी डॉलरपर्यंतची रक्कम खेळाडूंत थेट वाटता येऊ लागली. समाजवाद्यांनी एवढ्यावर विजयोत्सव करू नये. हा पैसा खेळाडूच्या बाजारभावाचा आहे. नामांकित क्वार्टरबॅक लक्षाधीश होतो. सरावात रोज त्याच्यासाठी धडका खाणाऱ्या राखीव खेळाडूच्या पदरी काय पडेल याची हमी कोणी देत नाही. रक्कम मिळाली तरी ती मजुरी मानली जात नाही, आणि मजुरी नाही म्हणून नुकसानभरपाईचा कायदाही लागू नाही.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, बहुतेक महाविद्यालयांचे क्रीडाविभाग तोट्यात चालतात आणि कामगार कायदे लावले तर संघ बंद पडतील. आक्षेप अगदीच पोकळ नाही. कोलोराडोच्या डोंगरातले एखादे लहान महाविद्यालय आणि मिशिगन यांना एका मापाने मोजणे अन्यायाचेच होईल. पण कामगार-नुकसानभरपाई ही मुळात जोखीम अनेकांत वाटून घेणारी विमा-योजना आहे. दूरचित्रवाणीच्या उत्पन्नातून सर्व विभागांसाठी एक समाईक निधी उभारता येईल, आणि गुडघ्याच्या दुखापतीचा उपचार वयाची मुदत न घालता त्यातून करता येईल. खाणकामगारांच्या फुप्फुसांच्या रोगासाठी कोळशावर कर बसवून असा निधी अमेरिकेनेच उभारलेला आहे. शिवाय, जो उद्योग आपल्या माणसांच्या जखमांचा खर्च पेलू शकत नाही तो तोट्यात असतानाही आज चालतो, याचा अर्थ तो खर्च कोणी तरी दुसरा भरत आहे.

जुलै २०२४ मध्ये फिलाडेल्फियाच्या संघराज्यीय अपील न्यायालयाने महाविद्यालयीन खेळाडू किमान वेतनाच्या कायद्याखाली कर्मचारी ठरू शकतात, केवळ ‘हौशी’ या बिरुदाने त्यांना वगळता येणार नाही, असे मत दिले. पुढच्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहात जे विधेयक मांडले गेले त्यात, खेळण्याच्या कारणाने कोणत्याही विद्यार्थी-खेळाडूला विद्यापीठाचा कर्मचारी मानता येणार नाही, अशी तरतूद आहे.