पाच वाजल्यानंतरचे विद्यापीठ

विद्यापीठ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? एक भव्य कमान, दुतर्फा झाडे, मध्ये प्रशासकीय इमारत आणि तिच्यासमोर कारंजे. माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर हेच चित्र असते आणि पदवीदान समारंभाच्या बातमीबरोबरही हेच छापून येते. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. आम्हांला हिशेबशास्त्रात शिकवतात की ताळेबंदात इमारत दिसते, यंत्रे दिसतात, खुर्च्या-टेबले दिसतात. पण दुकानाने वर्षानुवर्षे कमावलेला नावलौकिक, तो विकत घेतलेला नसेल तर, ताळेबंदात येतच नाही. दुकान चालते मात्र त्याच्याच जोरावर. विद्यापीठाचेही असेच आहे. किती चौरस फूट बांधकाम झाले हे मोजता येते. तिथे माणसे माणसांत किती मिसळली हे मोजता येत नाही, म्हणून त्याची नोंद कोणी ठेवत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. विद्यापीठाची परीक्षा सकाळी अकरा वाजता न घेता संध्याकाळी पाचनंतर घ्यावी. अकरा वाजता कोणतेही विद्यापीठ गजबजलेलेच दिसते. पाचनंतर ग्रंथालयात दिवे आहेत का, मैदानावर कोणी खेळते आहे का, चहाच्या टपरीवर प्राध्यापक आणि विद्यार्थी वाद घालीत बसले आहेत का, हे पाहावे. पाचच्या ठोक्याला सारे बसच्या रांगेत उभे राहत असतील, तर त्या जागेला कचेरी म्हणावे.

हा विषय आजच काढण्याचे कारण आपल्या दाराशी आहे. बेळगावात महाविद्यालये जुनी आहेत. लिंगराज महाविद्यालय १९३३ साली सुरू झाले, राणी पार्वतीदेवी १९४५ साली. विद्यापीठ मात्र आपल्याला नेहमी परगावी असे. आधी ते मुंबईत होते. १९४९ च्या कायद्याने कर्नाटक विद्यापीठ स्थापन झाले, तेही सुरू झाले मुंबईत आणि पुढे धारवाडला गेले. साध्या दाखल्यासाठी बेळगावच्या मुलांनी धारवाडच्या किती वाऱ्या केल्या असतील, हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. पुढे कर्नाटक विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र आपल्याकडे आले आणि २०१० साली त्यातूनच राणी चन्नम्मा विद्यापीठ जन्माला आले. त्याआधी १९९८ साली विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावला मिळाले. एवढ्या वर्षांची मागणी पुरी झाली, याबद्दल कृतज्ञता आहेच. ती नोंदवूनच पुढचे लिहितो.

आता नकाशा पाहू. राणी चन्नम्मा विद्यापीठाचा मूळ परिसर उत्तरेला, कोल्हापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर भुतरामहट्टीला, शहरापासून सुमारे अठरा किलोमीटरवर. नव्या परिसरासाठी जागा ठरली ती हिरेबागेवाडीजवळ, म्हणजे त्याच महामार्गावर पण धारवाडच्या दिशेला. तंत्रज्ञान विद्यापीठ खानापूर रस्त्यावर मच्छेला. तिन्ही जागा तीन दिशांना आणि तिन्ही शहराबाहेर. निपाणी-संकेश्वरच्या मुलांना भुतरामहट्टी वाटेवर पडते, कित्तूरच्या मुलांना हिरेबागेवाडी जवळची. हे मान्य करायलाच हवे. पण खानापूर तालुक्यातल्या खेड्यातून येणाऱ्या मुलाने काय करावे? त्याने आधी बेळगावला यायचे, बसस्थानकावर उतरायचे आणि मग दुसरी बस धरायची.

वाणिज्य शाखेच्या सवयीप्रमाणे थोडा हिशेब मांडतो. अठरा किलोमीटर म्हणजे रोज जाऊन-येऊन छत्तीस. वर्षाचे कामाचे दिवस २०० धरले तर ७,२०० किलोमीटर, एम.कॉम.च्या दोन वर्षांत १४,४००. किलोमीटरचे एक वेळ सोडून देऊ. घरापासून बसस्थानक, तिथली वाट पाहणे, प्रवास, आणि हेच सगळे उलट दिशेने, असे रोजचे अडीच तास धरू. वर्षाला ५०० तास झाले. दिवसाचे आठ तास अभ्यास करणाऱ्याच्या हिशेबाने हे ६२ दिवस होतात. दोन महिन्यांचा अभ्यास रस्त्यावर सांडला, आणि ही तूट कोणत्याही अंदाजपत्रकात दिसणार नाही. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेखाली राज्यातील महिलांना साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास मिळू लागला. पुष्कळ घरांतल्या मुलींना त्याचा मोठा आधार झाला. परंतु त्याने तिकिटाचा प्रश्न सुटला. वेळेचा सुटला नाही.

आमच्या गल्लीतल्या एका ताईचे उदाहरण देतो. घर विणकरांचे. ही बी.कॉम.ला पहिल्या वर्गात आली आणि शहराबाहेरच्या एका परिसरात एम.कॉम.ला जाऊ लागली. सकाळी साडेसातला घर सोडायची आणि दिवेलागणीला परतायची. दिवेलागणीच्या आत घरी, ही घरातली अट. दोन वर्षांत तिथल्या ग्रंथालयात ती किती वेळा बसली, असे मी एकदा विचारले. ती हसून म्हणाली, "अरे, पुढची बस कधी येणार, या एकाच विषयात मी एम.कॉम. केलंय." तिला पदवी मिळाली, गुणही चांगले मिळाले. पण एखाद्या प्राध्यापकांच्या खोलीत शंका विचारत तासभर बसणे, नाटकाच्या तालमीला थांबणे, वादविवाद मंडळात उभे राहणे, यांतले काहीच तिच्या वाट्याला आले नाही. गंमत अशी की तिच्याच वर्गातली मुले वर्गणी काढून दुचाकीत पेट्रोल भरीत आणि आठ वाजेपर्यंत थांबत. अंतर सर्वांना सारखेच असते; ते कापण्याची मोकळीक सर्वांना सारखी नसते.

यावर कोणी म्हणेल, आता भ्रमणध्वनीवर सारे शिकता येते, मग थांबायचे कशाला? आमच्या पिढीला हे सांगू नये. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आम्ही माध्यमिक शाळेत होतो. हातात फोन धरून आम्ही बीजगणित शिकलो. धडे फोनमधून आले, हे खरे; मित्र काही फोनमधून आले नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शहरात शंभर-सव्वाशे एकर जागा आणायची कुठून? आणि मोठी विद्यापीठे गावाबाहेर माळावरच वसली ना? बरोबर आहे. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ रोजी सुरू झाले ते माळरानावरच. परिसर ८५३ एकरांचा आणि पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार. धारवाडचा परिसरही टेकडीवरचा. तो ज्यांच्या काळात आकाराला आला ते डॉ. डी. सी. पावटे आपल्याच जिल्ह्यातले, गोकाक तालुक्यातल्या ममदापूरचे. केंब्रिजचे रँग्लर आणि १९५४ ते १९६७ कर्नाटक विद्यापीठाचे कुलगुरू. पण या दोन उदाहरणांतून घ्यायचा धडा वेगळा आहे. एक तर दोन्ही परिसर शहराच्या हाकेच्या अंतरावर होते, आणि आज तर शहरेच वाढत त्यांच्यापर्यंत पोचली आहेत. राजारामपुरीतला मुलगा सायकल मारीत शिवाजी विद्यापीठात जाऊ शकतो. शहापूरच्या मुलाला भुतरामहट्टी सायकलने झेपणारी नाही. दुसरे असे की तिथे राहण्याची सोय ही नंतर सुचलेली गोष्ट नव्हती. धारवाडला वसतिगृहे आणि प्राध्यापकांची निवासस्थाने त्याच टेकडीवर आहेत. कोल्हापूरला 'कमवा व शिका' योजनेत गरीब विद्यार्थी परिसरातच राहतात, रोज काही तास काम करतात आणि शिकतात. तिथे संध्याकाळ होते ती माणसांसकट. शहर आपल्यापर्यंत येईल तेव्हा येईल. तोवरच्या विद्यार्थ्यांची विद्यार्थिदशा मात्र थांबून राहत नाही.

बेळगावच्या बाबतीत या संध्याकाळीला आणखी एक महत्त्व आहे. मी मराठी माध्यमात शिकलो. महाविद्यालयात माझ्या बाकावर कन्नड माध्यमातला मित्र आला. दोघांचेही इंग्रजी बेताचे, आणि पुस्तके सगळी इंग्रजीत. वर्गात दोघेही गप्प. वर्ग सुटल्यावर कट्ट्यावर बसून आम्ही एकमेकांना शिकवू लागलो. मी 'घसारा' म्हणायचे, त्याने 'सवकळी' म्हणायचे, आणि मग दोघांनाही पुस्तकातला डेप्रिसिएशन कळायचा. आमचा ताळेबंद म्हणजे त्याची 'अढावे पत्रिके'. यातला आढावा तर आमच्याच घरातला निघाला! जमा, खर्च, बाकी हे शब्द दोन्हीकडचे. त्याची 'बा, चहा कुडियोण' ही हाक मला आता माझ्या भाषेतलीच वाटते. ही भाषा आम्हांला कोणत्याही तासाला शिकवली नाही. ती पाचनंतरच्या तासाला आली. आपल्या गावात दोन भाषा पाट्यांवर एकमेकींसमोर उभ्या केल्या जातात, हे आपण लहानपणापासून पाहतो. कट्ट्यावर त्या शेजारी बसतात. आपल्या या नियतकालिकाचे विभाग दोन असले तरी बांधणी एकच आहे. विद्यापीठाच्या परिसराचेही तसेच असावे. पण तास संपताच मराठी मुले एका बसने आणि कन्नड मुले दुसऱ्या बसने गेली, तर ती दोन वर्षे एका छपराखाली राहूनही परकीच राहतील.

गावाचाही यात तोटा आहे. पु. ल. देशपांडे यांनी काही काळ राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवले. इंदिरा संत बेळगावात शिक्षिका होत्या, पुढे प्राचार्य झाल्या. अशी माणसे शिकवायला गावात होती, म्हणून ती गावाचीही झाली. सार्वजनिक वाचनालयासारखी दीडशे वर्षांहून जुनी संस्था अशा माणसांच्या वावरानेच जागती राहते. आजचा विद्यापीठीय प्राध्यापक महामार्गाने येतो आणि महामार्गानेच परततो. खडेबाजारातल्या माणसाला त्याचे नाव ठाऊक नसते, आणि त्यालाही खडेबाजार केवळ खरेदीपुरता ठाऊक असतो.

मग करायचे काय? इमारती उचलून गावात आणा, असे मी म्हणत नाही. मोठी जागा बाहेरच मिळणार, हे गृहीत धरून चार गोष्टी सुचवतो. पहिली, जिथे जिथे नवी बांधकामे होतील तिथे वसतिगृह, खाणावळ आणि ग्रंथालय आधी, प्रशासकीय इमारत मागाहून. आधी पोटोबा मग विठोबा, ही म्हण बांधकाम खात्यालाही लागू पडावी. दुसरी, संध्याकाळी सात आणि रात्री साडेआठ अशा दोन ठरलेल्या बसगाड्या शहरातील सर्व भागांतून फिरून जाव्यात. 'नक्की येणार' एवढा भरवसा असला की घरची अटही सैल होते. तिसरी, विद्यापीठाची एक वाचनशाळा शहराच्या मध्यवस्तीत असावी. त्यासाठी एकरभर जागाही नको, एखाद्या महाविद्यालयाचे दोन वर्ग संध्याकाळी रिकामेच असतात. आठवड्यातून दोनदा तिथे प्राध्यापकांनी बसावे. विद्यार्थ्यांनी यावे आणि गावातल्या जिज्ञासूंनीही यावे. चौथी, ज्या खेड्यांच्या शेजारी परिसर आहे त्यांना मैदान आणि वाचनकक्ष खुले असावेत. आपल्या कुंपणालगतच्या मुलाने आत पाऊल टाकले नसेल, तर कमानीवर कोरलेल्या संस्कृत वचनाचा उपयोग काय?

खर्चाचा प्रश्न येईल. वरच्या हिशेबातले ५०० तास शंभर विद्यार्थ्यांनी गुणून पाहावेत. वर्षाला पन्नास हजार तास होतात. त्यांची किंमत दोन बसगाड्यांच्या डिझेलपेक्षा कमी आहे, असे ज्यांना वाटते त्यांच्याशी मी वाद घालणार नाही.

अर्थात सारे विद्यापीठाने करावे आणि आपण टाळ्या वाजवाव्यात, हेही बरे नव्हे. आपल्या महाविद्यालयातही शेवटचा तास झाला की शिपाई किल्ल्या खुळखुळवीत फिरू लागतो. ग्रंथालय रात्री आठपर्यंत उघडे ठेवावे, देखरेखीसाठी विद्यार्थ्यांनी पाळ्या वाटून घ्याव्यात, आणि व्हरांड्यातील भित्तिपत्रक एका फळ्यावर मराठी व दुसऱ्यावर कन्नड असे न लावता दोन्ही भाषांतले लेख एकाच फळ्यावर लावावेत, अशी विनंती वर्गप्रतिनिधींनी प्राचार्यांकडे लेखी द्यावी. पहिल्या आठवड्याच्या पाळीसाठी माझे नाव आताच लिहून ठेवावे. माझ्या बाकावरच्या मित्रानेही होकार दिला आहे. निदान आणखी चार नावे हवी आहेत, आणि त्यांत दोन तरी मुली असाव्यात.