खिडकी उतरवल्याशिवाय गळती थांबत नाही

जुन्या शिडाच्या होडीची खिडकी गळू लागली की मालक सिलिकॉनची नळी आणतो आणि काचेच्या कडेने बाहेरून एक रेघ ओढून मोकळा होतो. माझ्या मते ही दुरुस्ती नव्हे, चालढकल आहे. आणि महागडी. सिलिकॉन एकदा बसले की त्यावर दुसरे काहीच धड चिकटत नाही, रंगसुद्धा नाही. पुढे खरे काम करणाऱ्याला आधी तेच खरवडत बसावे लागते.

१९७०-८०च्या काळातल्या अनेक फायबरग्लास होड्यांत ॲक्रिलिकची काच केबिनच्या भिंतीवर थेट स्क्रूने आवळलेली असते. ॲक्रिलिक उन्हात फार पसरते: १ मीटरची काच ३० अंशांच्या फरकाने सुमारे २ मिलिमीटर वाढते. भिंत तेवढी वाढत नाही. रोजच्या या ओढाताणीत कडक झालेला जुना मसाला सुटणारच. म्हणून काच पूर्ण उतरवा, जुना थर काढा, स्क्रूची भोके जरा मोठी करा आणि खाली कायम मऊ राहणारी ब्युटाइलची पट्टी घाला. स्क्रू एका दमात आवळू नका. (पुसायला ॲसिटोन तर नकोच, काचेला बारीक तडे जातात.)

पाणी टपकते म्हणून उशी हलवणारे पुष्कळ भेटतील. टपकणे किरकोळ हो! भिंतीत बाल्सा लाकडाचा गाभा असेल तर पाणी तिथे मुरते, लाकूड आतून कुजते आणि वरून होडी चकचकीतच दिसते. जुनी होडी घेणाऱ्याने खिडकीखालची भिंत ठोकून पाहावी. आवाज बद्द आला, तर भाव बोलण्याआधी एक स्क्रू काढून दाखवायला सांगावे.