सुट्या भागांची सरहद्द

एकाच कारखान्यात तयार झालेला मोटारीचा सुटा भाग एका देशात एका भावाने विकला जातो आणि सरहद्द ओलांडताच त्याचा भाव कितीतरी चढतो. कारण विचारले की ठरलेले उत्तर मिळते : जकात, वाहतूक आणि चलनाचा दर. उत्तर खोटे नाही. पण ते पुरेसे आहे काय? हा प्रश्न मर्सिडीज वा आउडी बाळगणाऱ्या मूठभरांचा आहे, असे समजून शिक्षक-कारकुनांनी पान उलटू नये. (प्रस्तुत लेखकाच्या महाविद्यालयाच्या आवारातही स्कूटरींचीच गर्दी असते.) आलिशान गाडीच्या बाबतीत जे उघडे दिसते, तेच साध्या गाडीच्या बाबतीत थोडे झाकलेले असते, इतकेच.

चीनचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. एप्रिल २०१४ मध्ये तेथील विमा व्यवसायाच्या आणि वाहन-दुरुस्ती व्यवसायाच्या संघटनांनी मिळून एक हिशेब प्रसिद्ध केला. गाडीचे सर्व भाग सुटे विकत घेतले, तर तेवढ्या पैशांत किती नव्या गाड्या येतील? १८ प्रकारच्या गाड्या तपासल्या गेल्या. मर्सिडीजच्या सी-क्लास गाडीचे उत्तर निघाले १२ हून अधिक. सर्वांत खालच्या गाडीचे पावणेतीनच्या आत. सुटा भाग साठवावा लागतो, वेष्टनात घालावा लागतो, तेव्हा भागांची बेरीज पूर्ण गाडीपेक्षा जास्त भरणे स्वाभाविकच होय. परंतु पावणेतीन आणि बारा यांमधील अंतर गुदामाच्या भाड्याने भरून निघत नाही.

परदेशी आलिशान गाड्यांसाठी आपल्याला युरोप-अमेरिकेतील ग्राहकांपेक्षा अधिक मोजावे लागते, ही तेथील जुनी तक्रार होती. सरकारी चौकशी सुरू होताच त्याच उन्हाळ्यात कंपन्यांनी दर उतरविले. मर्सिडीजने दहा हजारांहून अधिक भागांच्या किमती सरासरी १५ टक्क्यांनी घटविण्याचे जाहीर केले. आउडीची कपात काही भागांवर ३८ टक्क्यांपर्यंत गेली. त्या काही आठवड्यांत चीनची जकात उतरली नव्हती आणि जर्मनी ते चीन हे अंतरही घटले नव्हते. मग किंमत कशाच्या बळावर टिकून होती? पुढे विक्रेत्यांवर किमती लादल्याबद्दल आउडीच्या चिनी भागीदार कंपनीला सुमारे २५ कोटी आणि मर्सिडीजला ३५ कोटी युआन दंड झाला. चिनी शासनाचा हेतू निव्वळ ग्राहकहिताचा होता, असे मानण्याइतके भोळे होण्याचे कारण नाही. पण त्यामुळे दरकपातीची साक्ष खोटी ठरत नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पिगू आणि जोन रॉबिन्सन यांनी मांडलेला मूल्यभेदाचा सिद्धांत ठाऊक असतो. एकच वस्तू दोन बाजारांत दोन भावांनी विकायची, तर स्वस्त बाजारातील माल महाग बाजारात झिरपता कामा नये. ही झिरप नैसर्गिक कारणांनी थांबत नसेल, तर ती थांबवावी लागते. १९९२ मध्ये इटलीचे लिरा हे चलन घसरले, तेव्हा जर्मन व ऑस्ट्रियन ग्राहक फोक्सवागन आणि आउडी गाड्या घेण्यासाठी इटलीत जाऊ लागले. कंपनीने इटलीतील विक्रेत्यांना तंबी दिली : परदेशी ग्राहकाला विकाल तर करार गमवाल. युरोपीय आयोगाने जानेवारी १९९८ मध्ये तिला १०.२ कोटी एक्यूचा दंड केला. न्यायालयाने पुढे तो ९ कोटी युरोवर आणला, तथापि दोष कायम राहिला. युरोपच्या एकत्रित बाजारपेठेत जकातनाका उरला नव्हता, म्हणून कंपनीला तो विक्रेत्याच्या दारात उभारावा लागला!

सुट्या भागांच्या बाबतीत हे काम आणखी सोपे असते. गाडी विकत घेण्यापूर्वी ग्राहक दहा ठिकाणी चौकशी करतो. विकत घेतल्यावर तो तिच्याशी बांधला जातो. आपल्याकडील स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना एकूण २५४४.६५ कोटी रुपये दंड ठोठावला, तो नेमका या बांधलेपणाचा गैरफायदा घेतल्याबद्दल. त्यांत आलिशान गाड्यांच्या कंपन्या होत्या, तशा मध्यमवर्गीयांच्या घरासमोर दिसणाऱ्या गाड्यांच्याही होत्या. भाग प्रत्यक्षात बनविणाऱ्या पुरवठादारांना तो खुल्या बाजारात विकू द्यायचा नाही, दोष शोधण्याची यंत्रे आणि माहितीपुस्तिका स्वतंत्र गॅरेजला द्यायच्या नाहीत, बाहेर दुरुस्ती केल्यास हमी रद्द करायची, ही ती पद्धत. २०१६ मध्ये तीन कंपन्यांच्या अपिलात निर्णयाचा गाभा टिकला. दंड मात्र केवळ भाग व दुरुस्ती यांच्या उलाढालीवर मोजावा, असे ठरून तो घटला. खेड्यातल्या मिस्त्रीच्या हाती माहितीपुस्तिका पडली की नाही, हे अपिलाच्या कागदांत दिसत नाही.

केंद्र शासनाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि तिच्या विषयांत मोटारींबरोबर शेतीची अवजारेही घातली, हे योग्यच झाले. ऐन पेरणीत बंद पडलेल्या ट्रॅक्टरच्या मालकाला किमतींची तुलना करीत बसण्याची सवड नसते. दरम्यान कुलूप मात्र पुढे सरकले आहे. आज कित्येक महागड्या गाड्यांत अस्सल भाग, परदेशातून स्वस्तात आणलेला, योग्य जागी बसविला तरी चालत नाही. कंपनीच्या संगणकाने त्याची ओळख पटवून द्यावी लागते, आणि तो संगणक कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेतच असतो.