ब्रिटिश स्वतंत्र कुस्तीक्षेत्रावरील जिम स्मॉलमन यांचा प्रभाव

जिम स्मॉलमन हे इंग्लंडमधील विनोदी एकपात्री कलाकार, निवेदक आणि व्यावसायिक कुस्तीचे आयोजक आहेत. त्यांनी २०११ मध्ये जॉन ब्रायली यांच्यासह लंडन येथे 'प्रोग्रेस रेसलिंग' ही संस्था स्थापन केली. पुढे अभिनेते ग्लेन जोसेफ हेही संस्थेचे भागीदार झाले. २०१२ ते २०१९ या काळात प्रोग्रेस ही ब्रिटनमधील सर्वाधिक चर्चिल्या जाणाऱ्या स्वतंत्र कुस्तीसंस्थांपैकी एक होती. प्रेक्षकांची वागणूक, नवोदितांचे प्रशिक्षण, स्त्री-मल्लांचे स्थान आणि अमेरिकेतील डब्ल्यूडब्ल्यूई या कंपनीशी असलेले संबंध या सर्व बाबतींत तिचा ठसा ब्रिटिश कुस्तीवर उमटला. २०२० नंतर उघड झालेल्या लैंगिक शोषणाच्या तक्रारींमुळे आयोजकांच्या हाती एकवटलेल्या अधिकारांचा प्रश्न पुढे आला आणि तो ब्रिटिश संसदेपर्यंत पोहोचला.

संज्ञा आणि स्वरूप

व्यावसायिक कुस्ती ही मातीतील किंवा मॅटवरील स्पर्धात्मक कुस्तीहून वेगळी आहे. तिच्यातील लढतींचे निकाल आधी ठरलेले असतात. ठरवून केलेल्या लढतीला मराठीत 'नुरा कुस्ती' म्हणतात; परंतु त्या शब्दात प्रेक्षकांची फसवणूक अभिप्रेत असते. व्यावसायिक कुस्तीच्या प्रेक्षकाला निकाल ठरलेला असल्याची जाणीव असते. तो मल्लांचे शारीरिक कौशल्य, अभिनय आणि लढतींमधून उलगडणारे कथानक पाहण्यासाठी येतो. निकाल ठरलेला असला, तरी उंचावरून पडण्याचा आणि आपटले जाण्याचा शरीरावर होणारा परिणाम खरा असतो.

मोठ्या दूरचित्रवाणी कंपन्यांच्या बाहेर, लहान सभागृहांत आणि मुख्यतः तिकीटविक्रीवर चालणाऱ्या कुस्तीला 'स्वतंत्र' कुस्ती असे म्हटले जाते. या क्षेत्रात आयोजक हीच मध्यवर्ती व्यक्ती असते. सभागृह भाड्याने घेणे, मल्लांना बोलावणे, त्यांचे मानधन ठरवणे आणि जाहिरात करणे ही कामे तो करतो. महाराष्ट्रातील मैदानात 'कुस्ती लावणे' म्हणजे तोलामोलाची जोड ठरवणे. येथे आयोजक जोडीबरोबर निकालही ठरवतो. अनेक संस्था स्वतःची प्रशिक्षण शाळाही चालवतात. त्यामुळे शिक्षण, काम आणि प्रसिद्धी या तिन्हींसाठी नवोदित मल्लाला अनेकदा एकाच व्यक्तीवर अवलंबून राहावे लागते.

पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये १९५५ पासून १९८८ पर्यंत आयटीव्ही या वाहिनीवर कुस्ती नियमितपणे दाखवली जात असे. शनिवारी दुपारच्या या प्रक्षेपणामुळे बिग डॅडी, जायंट हेस्टॅक्स, मिक मॅकमॅनस आणि केंडो नागासाकी हे मल्ल घराघरांत परिचित झाले. या काळातही सत्ता आयोजकांच्याच हाती होती. १९५२ मध्ये प्रादेशिक आयोजकांनी एकत्र येऊन 'जॉइंट प्रमोशन्स' हा गट स्थापन केला आणि या गटाने दीर्घकाळ दूरचित्रवाणीवरील कुस्तीवर एकाधिकार राखला. गटाबाहेरील आयोजकांना 'स्वतंत्र' म्हटले जाई.

अशा आयोजकांपैकी ब्रायन डिक्सन हे सर्वांत चिवट ठरले. बर्कनहेड येथून १९७० मध्ये त्यांनी सुरू केलेली संस्था पुढे 'ऑल स्टार रेसलिंग' या नावाने ओळखली गेली. १९८८ मध्ये प्रक्षेपण बंद झाल्यावर ब्रिटिश कुस्ती लोकांच्या नजरेआड गेली. परंतु डिक्सन यांनी नगर सभागृहे आणि सुट्टीतील पर्यटकांची विश्रामस्थळे यांमधून तिचे खेळ चालू ठेवले. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा प्रेक्षक प्रामुख्याने कौटुंबिक होता. मोठ्या शहरांतील तरुण प्रौढ प्रेक्षक मात्र या काळात अमेरिकी आणि जपानी कुस्तीकडे वळला होता. स्मॉलमन यांनी हाच प्रेक्षक पुन्हा स्थानिक सभागृहात आणला.

प्रोग्रेसची स्थापना आणि वाढ

प्रोग्रेसचा पहिला कार्यक्रम २५ मार्च २०१२ रोजी उत्तर लंडनमधील इझलिंग्टन भागातील 'द गॅरेज' या संगीत सभागृहात झाला. संस्थेने आपल्या कार्यक्रमांना 'अध्याय' म्हणून क्रमांक दिले. प्रत्येक कार्यक्रम एका दीर्घ कथेचा पुढील भाग आहे, ही कल्पना त्यामागे होती. मागील अध्यायात काय घडले हे ठाऊक असलेला प्रेक्षक पुढच्या अध्यायाला परत येत असे. पुढे कॅम्डन येथील 'इलेक्ट्रिक बॉलरूम' हे संस्थेचे नेहमीचे ठिकाण झाले.

संस्थेची वाढ तिने घेतलेल्या सभागृहांवरून लक्षात येते. २०१६ मध्ये ब्रिक्स्टन अकॅडमी आणि २०१७ मध्ये अलेक्झांड्रा पॅलेस येथे कार्यक्रम झाले. ३० सप्टेंबर २०१८ रोजी वेम्बली अरीना येथील कार्यक्रमास सुमारे ४,७०० प्रेक्षक उपस्थित होते. दूरचित्रवाणीचा आधार नसलेल्या ब्रिटिश संस्थेसाठी ही संख्या मोठी होती. याच दशकात ग्लासगो येथे मार्क डॅलस यांच्या 'इन्सेन चॅम्पियनशिप रेसलिंग' या संस्थेने नोव्हेंबर २०१६ मध्ये हायड्रो या बंदिस्त क्रीडागारात सहा हजारांहून अधिक प्रेक्षक जमवले होते, तर अँडी क्विल्डन यांच्या 'रेव्होल्यूशन प्रो रेसलिंग'ने न्यू जपान प्रो-रेसलिंग या जपानी संस्थेशी सहकार्य केले होते. या पुनरुज्जीवनाचे श्रेय त्यामुळे एकट्या प्रोग्रेसला देता येत नाही.

प्रभावाचे स्वरूप

प्रेक्षकांची वागणूक

प्रत्येक कार्यक्रमाच्या प्रारंभी स्मॉलमन स्वतः रिंगणात येऊन प्रेक्षकांशी बोलत असत. विनोदी कलाकार म्हणून मिळालेला अनुभव त्यांनी येथे वापरला. वंशभेदी, समलिंगीद्वेषी किंवा स्त्रियांचा अवमान करणाऱ्या घोषणा खपवून घेतल्या जाणार नाहीत, हा नियम ते हसतखेळत परंतु स्पष्टपणे सांगत. इतरांना त्रास होईल असे वागू नका, या आशयाचे त्यांचे रांगडे वाक्य संस्थेचे ब्रीदच बनले. कुस्तीच्या सभागृहात पूर्वी स्वतःला परके समजणारे अनेक प्रेक्षक यामुळे येऊ लागले. आयोजकाच्या वैयक्तिक शब्दाला असलेले वजन येथे दिसते. हा नियम कोणत्याही क्रीडा महासंघाने घातलेला नव्हता. तो घालणारा आयोजक रिंगणात उभा होता आणि प्रेक्षक त्याला मान देत होते.

नवोदित आणि स्त्री-मल्ल

प्रोग्रेसने स्वतःची प्रशिक्षण शाळा चालवली आणि नवोदितांसाठी 'नॅचरल प्रोग्रेशन सिरीज' ही मालिका सुरू केली. 'सुपर स्ट्राँग स्टाइल १६' या सोळा मल्लांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत ब्रिटिश मल्लांना परदेशी मल्लांसमोर उभे केले जाई. विल ऑस्प्रे, झॅक सेबर ज्युनियर, पीट डन आणि टायलर बेट यांच्या कारकिर्दीत या व्यासपीठाचा वाटा आहे. २०१७ मध्ये संस्थेने स्त्री-मल्लांसाठी स्वतंत्र विजेतेपद सुरू केले व टोनी स्टॉर्म या पहिल्या विजेत्या ठरल्या. स्त्रियांची लढत ही मध्यंतरापूर्वीची विरंगुळ्याची बाब न राहता कथानकाचा मुख्य भाग होऊ लागली.

डब्ल्यूडब्ल्यूईशी संबंध

२०१६ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने आपल्या क्रूझरवेट गटाच्या स्पर्धेसाठी काही पात्रता लढती प्रोग्रेसच्या कार्यक्रमात घेतल्या. त्याच वर्षी आयटीव्हीने कुस्तीचे पुनरागमन जाहीर केले. त्यानंतर जानेवारी २०१७ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने ब्लॅकपूल येथे सोळा मल्लांची 'युनायटेड किंगडम' स्पर्धा भरवली. तीत १९ वर्षांचे टायलर बेट विजयी झाले. मे २०१७ मध्ये पीट डन यांनी हे विजेतेपद पटकावले, तेव्हा प्रोग्रेसचे मुख्य विजेतेपदही त्यांच्याकडेच होते. २०१८ मध्ये 'एनएक्सटी यूके' ही मालिका सुरू झाली आणि जानेवारी २०१९ मध्ये लंडनच्या एनफील्ड भागात कंपनीने प्रशिक्षण केंद्र उघडले.

या संबंधाचे दोन परिणाम झाले. एकीकडे, अनेक मल्लांना प्रथमच निश्चित उत्पन्न मिळू लागले. स्वतंत्र क्षेत्रात प्रत्येक कार्यक्रमागे मानधन मिळते आणि दुखापत झाल्यास ते थांबते. त्यामुळे करारबद्ध नोकरीचे आकर्षण स्वाभाविक होते. दुसरीकडे, करारबद्ध मल्लांना अन्यत्र लढण्याची सुरुवातीला असलेली मुभा पुढे आकसत गेली. ज्यांच्याभोवती कथानक गुंफले जाई ते मल्ल उपलब्ध असतील की नाही, याचा निर्णय लंडनमधील आयोजकाच्या हाती राहिला नाही. स्वतंत्र क्षेत्रातील लहान संस्थांना याची झळ अधिक बसली, कारण डब्ल्यूडब्ल्यूईची मान्यता असलेल्या मोजक्या संस्थांमध्ये त्यांची गणना नव्हती.

२०१९ च्या अखेरीस स्मॉलमन यांनी प्रोग्रेस सोडली आणि ते डब्ल्यूडब्ल्यूईच्या एनएक्सटी यूके विभागात रुजू झाले. ज्या कंपनीकडे संस्थेतील मल्ल गेले होते, तिच्याकडेच संस्थेचा संस्थापकही गेला. २०२२ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने एनएक्सटी यूके बंद केले व अनेक मल्लांना मुक्त केले. त्याऐवजी जाहीर केलेली 'एनएक्सटी युरोप' ही मालिका २०२३ मध्ये नियोजित होती, परंतु ती सुरू झाली नाही. ब्रिटनमधील बाजारपेठेचे आकर्षण मात्र ओसरले नव्हते. सप्टेंबर २०२२ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने कार्डिफच्या मैदानावर, तर २७ ऑगस्ट २०२३ रोजी एईडब्ल्यू या दुसऱ्या अमेरिकी कंपनीने वेम्बली स्टेडियमवर कार्यक्रम केला. वेम्बलीच्या कार्यक्रमाची ८१,०३५ तिकिटे विकली गेल्याचे कंपनीने जाहीर केले.

२०२० मधील तक्रारी

जून २०२० मध्ये 'स्पीकिंग आउट' या नावाने समाजमाध्यमांवर एक मोहीम उभी राहिली. ब्रिटन व अन्य देशांतील अनेक स्त्रियांनी आणि काही पुरुषांनी मल्ल, प्रशिक्षक आणि आयोजक यांच्याकडून झालेल्या लैंगिक शोषणाचे व छळाचे अनुभव सांगितले. तक्रारदारांत प्रशिक्षण घेत असताना अल्पवयीन असलेल्या व्यक्तीही होत्या. अनेक संस्थांनी संबंधित मल्लांशी असलेले नाते तोडले, तर काही संस्था कायमच्या बंद झाल्या. प्रोग्रेसच्या कार्यक्रमांत नियमितपणे दिसणाऱ्या काही मल्लांचाही आरोप झालेल्यांत समावेश होता. संस्थेच्या व्यवस्थापनात फेरबदल झाले आणि २०२१ च्या अखेरीस तिची मालकी ली मॅकटीअर व मार्टिन बेस्ट यांच्याकडे गेली.

या घटनांनी प्रोग्रेसच्या प्रतिमेतील विसंगती समोर आणली. प्रेक्षकांच्या बाकांवर सभ्यतेचा आग्रह धरणारी संस्था पडद्यामागील सुरक्षिततेसाठी तितकीच भक्कम यंत्रणा उभारू शकली नव्हती. हा दोष एका संस्थेपुरता मर्यादित नव्हता. तक्रार कोणाकडे करावी, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी 'आयोजकाकडे' असेच होते. तक्रार आयोजकाविरुद्ध किंवा तिकीटविक्री ज्याच्यावर अवलंबून आहे अशा मल्लाविरुद्ध असेल, तर पुढचा मार्गच उरत नसे. तक्रार करणाऱ्याला पुढील कार्यक्रमास बोलावले नाही, तर त्याचे कारण देण्याचे बंधनही कोणावर नव्हते.

संसदीय चौकशी आणि कायदा

ब्रिटिश संसदेतील कुस्तीविषयक सर्वपक्षीय गटाने एप्रिल २०२१ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. मजूर पक्षाच्या ॲलेक्स डेव्हिस-जोन्स आणि हुजूर पक्षाचे मार्क फ्लेचर हे या गटाचे सहअध्यक्ष होते. व्यावसायिक कुस्ती खेळ मानायची की रंगमंचीय कला, हे निश्चित नसल्यामुळे ती दोन्ही क्षेत्रांच्या नियमनातून निसटते, हा अहवालाचा कळीचा मुद्दा होता. यावर प्रशिक्षण शाळांना खेळाचे, तर प्रेक्षकांसमोरील कार्यक्रमांना सादरीकरण कलेचे निकष लावावेत, असा मार्ग सुचवण्यात आला. प्रशिक्षकांची पार्श्वभूमी तपासणे, वैद्यकीय मदत उपलब्ध ठेवणे आणि बालसंरक्षणाचे धोरण आखणे यांवरही भर होता.

२०२२ मध्ये इंग्लंड आणि वेल्ससाठी झालेल्या कायदेबदलाने विश्वासाच्या स्थानावरील व्यक्तींची व्याप्ती क्रीडा प्रशिक्षकांपर्यंत वाढवली. नियमितपणे शिकवणाऱ्या प्रशिक्षकाने १६ किंवा १७ वर्षांच्या शिकाऊ व्यक्तीशी लैंगिक संबंध ठेवणे त्यामुळे गुन्हा ठरते. कायद्यातील खेळाच्या व्याख्येत स्पर्धेखेरीज प्रदर्शनासाठी केल्या जाणाऱ्या शारीरिक प्रकारांचाही उल्लेख आहे. ही तरतूद शिकवणाऱ्याला लागू होते. केवळ काम देणाऱ्या आयोजकाला किंवा प्रौढ नवोदिताच्या परिस्थितीला ती स्पर्श करत नाही.

मूल्यमापन

स्मॉलमन यांच्या कारकिर्दीतून आयोजकाच्या प्रभावाची ताकद आणि मर्यादा या दोन्ही बाबी स्पष्ट होतात. नियामक संस्था, महासंघ किंवा सार्वजनिक अनुदान नसतानाही एका लहान गटाने सात वर्षांत काहीशे प्रेक्षकांच्या सभागृहापासून वेम्बली अरीनापर्यंत मजल मारली आणि प्रेक्षकांच्या वर्तनाचे नवे मापदंड घालून दिले. यासाठी आवश्यक असलेला वेग आणि स्वातंत्र्य नियमनाच्या अभावामुळेच मिळाले. परंतु हे मापदंड लिखित आणि स्वतंत्रपणे तपासता येतील अशा नियमांत उतरले नव्हते. ते व्यक्तीशी जोडलेले राहिले, म्हणून व्यक्तीबरोबर त्यांचे वजनही गेले.

प्रोग्रेस नव्या मालकांच्या व्यवस्थापनाखाली कार्यक्रम करीत आहे आणि रेव्होल्यूशन प्रो व ऑल स्टार यांसारख्या संस्थाही कार्यरत राहिल्या आहेत. काही संस्थांनी आचारसंहिता प्रसिद्ध केल्या आणि संरक्षण अधिकारी नेमले. या उपायांची अंमलबजावणी मात्र ज्या-त्या संस्थेवर सोपवलेली आहे. आयोजक हा नेमणारा, निकाल ठरवणारा आणि तक्रार ऐकणारा अशा तिन्ही भूमिकांत एकाच वेळी असतो. यांपैकी तिसरी भूमिका त्याच्याकडून काढून स्वतंत्र यंत्रणेकडे देणे, हा ब्रिटिश स्वतंत्र कुस्तीतील अनिर्णित प्रश्न आहे.