घरचे अवजार, घरची निगा
मागचे ब्रेक पॅड घरी बदलावेत का?

उरण तालुक्यातील एका वाचकाने विचारले आहे, "मुलाने जुनी स्पोर्ट्स मोटार घेतली आहे. मागचे ब्रेक पॅड आपण स्वतःच अंगणात बदलतो म्हणतो. बदलू द्यावे काय?" प्रश्न शेतीचा नाही, पण घरच्या माणसांच्या जिवाचा आहे. म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे.

१९८९ साली न्हावा शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. भातखाचरे आणि मिठागरे गेली, आणि त्या भागातून कंटेनरच्या गाड्या धावू लागल्या. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा शेवा या सुमारे २२ किलोमीटरच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले. त्यावर दुचाकी, रिक्षा व ट्रॅक्टर यांना मनाई आहे. मोटारीला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. या वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबण्याचे अंतर दुप्पट नव्हे, सुमारे चौपट होते. पुढे कंटेनर अचानक थांबला तर पॅडची जाडीच उपयोगी पडते.

प्रथम गाडी नीट ओळखावी. आपल्याकडील पुष्कळ लहान मोटारींना मागे ड्रम असतो. त्यात पॅड नसून ब्रेक-शू असतात. वेगवान मोटारींना बहुधा मागेही डिस्क असते. डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे धरणारा भाग म्हणजे कॅलिपर, आणि त्यातील झिजणाऱ्या पट्ट्या म्हणजे पॅड. पॅडचे अस्तर ३ मिलिमीटरच्या आसपास आले की ते बदलावेत. चाकातून किंचाळल्यासारखा आवाज येऊ लागला तर अस्तर आधी तपासावे. लोखंड लोखंडावर घासू लागले की डिस्कही वाया जाते.

आता खरा धोका. मागचे काम करताना हँडब्रेक सोडावा लागतो, आणि मागची चाके जमिनीवरून उचललेली असतात. म्हणजे गाडीला धरून ठेवणारे काहीच उरत नाही. म्हणून जागा सपाट व टणक हवी. शेणाने सारवलेले अंगण किंवा ओली माती चालणार नाही. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. जॅक हा फक्त उचलण्यासाठी आहे. उचलल्यावर गाडी लोखंडी स्टँडवर टेकवावी. विटांची चळत किंवा दगड यांवर भिस्त ठेवू नये. मुलाबाळांना व कोंबड्या-कुत्र्यांना त्या बाजूला फिरकू देऊ नये.

एका वेळी एकच चाक खोलावे, म्हणजे दुसरी बाजू नमुना म्हणून पाहता येते. पॅड मात्र दोन्ही मागच्या चाकांचे एकदमच बदलावेत. एक नवे, एक जुने असे केल्यास गाडी एका अंगाला ओढते. काढलेला कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नये, तारेने वर बांधावा. ब्रेकची धूळ फुंकू नये. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकतो. ती ओल्या फडक्याने पुसावी व फडके टाकून द्यावे.

जाड नवे पॅड बसण्यासाठी पिस्टन आत सारावा लागतो, आणि मागच्या चाकात पुष्कळजण येथेच फसतात. हँडब्रेकची यंत्रणा कॅलिपरमध्येच असेल तर पिस्टन नुसता दाबून जात नाही. तो हत्याराने फिरवत दाबावा लागतो. जबरदस्तीने दाबल्यास आतली यंत्रणा मोडते. हँडब्रेक विजेवर चालणारा असेल तर आधी गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे तो दुरुस्तीच्या स्थितीत आणावा लागतो. ते जमत नसेल तर घरी हात लावू नये. पिस्टन आत जाताना टाकीतील ब्रेक ऑईल वर चढते, त्यावर लक्ष ठेवावे. ते रंगावर सांडले तर रंग उडतो. लगेच पाण्याने धुवावे.

खाडीकाठच्या माणसाला खाऱ्या हवेचा गुण सांगायला नको. नांगराच्या फाळाला लागतो तसाच गंज कॅलिपरच्या सरकत्या पिनांनाही लागतो. पिन अडकली की एक पॅड झिजतो व दुसरा कोरा राहतो. पिना स्वच्छ करून ब्रेकसाठी असलेलेच ग्रीस बारीक लावावे. पॅड व डिस्क यांना ग्रीसचा बोटसुद्धा लागता कामा नये. तेल लागलेला पॅड रॉकेलने धुवून पुन्हा वापरू नये. ब्रेक ऑईल दमट हवेतील ओलावा शोषते, म्हणून साधारण दोन वर्षांनी तेही बदलावे.

पिस्टनचे रबर फाटलेले, तेल गळते आहे किंवा डिस्क तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा पातळ झाली आहे, यांपैकी काहीही दिसले तर काम तेथेच थांबवून जाणत्या कारागिराला बोलवावे. त्यात कमीपणा नाही.

चाक बसवल्यावर नट समोरासमोर आवळावेत व गाडी खाली आल्यावर पुन्हा कसावेत. गाडी हलवण्यापूर्वी ब्रेकचे पेडल कडक लागेपर्यंत अनेक वेळा दाबावे. हे विसरल्यास पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही, आणि गाडी समोरच्या भिंतीत जाते. मग हँडब्रेक तपासावा. मोकळ्या रस्त्यावर ५० च्या वेगावरून हळूहळू कमी करत आठ-दहा वेळा ब्रेक लावावा, मध्ये थोडे थंड होऊ द्यावे. पेडल मऊ वाटले तर बंदराच्या रस्त्यावर वा सेतूवर गाडी नेऊच नये.

तेव्हा वाचक-बंधूंना उत्तर हेच: वरील साधने असतील आणि गाडीची पुस्तिका मुलाने वाचली असेल, तर जरूर करू द्यावे, आणि दुसरे माणूस जवळ ठेवावे. पैसे वाचवणे एवढाच हेतू असेल, तर स्टँड विकत घेण्यातच पहिल्या वेळची बचत संपेल, हेही त्याला सांगावे.