आतल्या खोलीतला टीव्ही

जुलै 2021 मधली गोष्ट. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली होती आणि पाणी वरच चढत होतं. आमचा भाग उंचावर, त्यामुळे पाण्याची भीती नव्हती आणि लाईटही होती. पण सासूबाईंचं माहेर शिरोळ तालुक्यात, नदीकाठी. भावाचा फोन लागत नव्हता. दुपारी चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेले, तर टीव्हीवर टोकियोचं ऑलिंपिक चाललेलं आणि आई ते बघत बसलेल्या.

"आई, बातम्या तरी लावायच्या की."

"मी कशा लावू? बाहेर पोरं बघत्यात न्हवं. बाहेर लावतील तेच हितं दिसतंय. असू दे."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. त्यांच्या खोलीतला टीव्ही म्हणजे हॉलमधल्या बॉक्सच्या मागून ओढलेली एक वायर होती. त्यांच्या रिमोटवर आवाज कमी-जास्त व्हायचा, तेवढंच. मालिका ऐन रंगात आली की बाहेर कुणीतरी चॅनेल बदलायचं आणि यांच्या पडद्यावर क्रिकेट! चार वर्षांत त्यांनी एकदाही तक्रार केली नाही आणि आम्ही मात्र "आईंना स्वतंत्र टीव्ही दिलाय" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायचो. त्या दिवशी मला लाज वाटली.

तुमच्या घरातला दुसरा टीव्ही जरा आठवून बघा, मैत्रिणींनो. स्वयंपाकघरातला, माडीवरचा, म्हाताऱ्या माणसांच्या खोलीतला. त्यावर काय लावायचं हे कोण ठरवतं? बचत गटाच्या बैठकीत मी हा प्रश्न सहज विचारला तर आधी हशा पिकला आणि मग एकेक जण बोलायला लागली. एक म्हणाली, "आमच्या किचनमध्ये दिवसभर शेअर बाजार असतो बघा. मला त्यातलं काय कळतंय?"

गंमत म्हणजे जुन्या केबलच्या काळात हे दुखणं नव्हतं. एक वायर घरात यायची, तिला स्प्लिटर लावून दोन-तीन खोल्यांत फिरवायची. सगळे चॅनेल त्या वायरीतून एकदमच यायचे आणि प्रत्येक टीव्ही आपला आपण निवडायचा. वाटणीत सिग्नल निम्मा व्हायचा, चित्राला मुंग्या यायच्या, पण निवड ज्याची त्याची. 2011 मध्ये केबलचा कायदा बदलला, 2012 च्या अखेरीस मुंबई-दिल्लीत सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि पुढच्या टप्प्यांत आपल्याकडेही आला. चित्र स्वच्छ झालं खरं. पण बॉक्स एका वेळी एकच चॅनेल उलगडून देतो. म्हणजे घरात बॉक्स एक तर चॅनेल एक, मग टीव्ही चार असोत. छत्रीचंही तेच. आणि तो एक बॉक्स ठेवायचा कुठे, तर हॉलमध्ये. हे कुणी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. कुणी विचारच केला नाही, इतकंच.

आम्ही आईंसाठी दुसरा बॉक्स घ्यायचं ठरवलं तेव्हा वायर ओढायला आलेला मुलगा म्हणाला, "वहिनी, एकाच घरात दोन रिचार्ज कशाला?" घरच्यांचंही तेच मत. मी हट्ट धरला. मग त्यानं छतावरून येणाऱ्या छत्रीच्या वायरीलाच स्प्लिटर लावून दोन बॉक्स जोडले. आईंचा टीव्ही लागला की हॉलमधले निम्मे चॅनेल गायब! घरात महाभारत. सगळा ठपका अर्थातच आईंच्या मालिकांवर.

कारण मी नंतर समजून घेतलं. छत्रीच्या तोंडाशी जो डबा असतो, एलएनबी, त्याला बॉक्स वायरीतूनच वीज पाठवतो. 13 व्होल्ट पाठवले की चॅनेलचा एक गट मिळतो, 18 पाठवले की दुसरा. एका वायरीवर दोन बॉक्स बसले आणि एकानं 13, दुसऱ्यानं 18 मागितले तर 18 वाल्याचं चालतं. दुसरा उपाशी. म्हणून छत्री तीच ठेवायची, पण दोन तोंडांचा एलएनबी बसवायचा आणि प्रत्येक बॉक्सला वरूनच वेगळी वायर आणायची. वायर ओढणाऱ्याला हे आपणच ठणकावून सांगायचं. आणि गच्चीवर वायर सोलून, पिळून, टेप गुंडाळून जोड द्यायला देऊ नका. आपल्या कोल्हापूरच्या पावसात त्यात पाणी शिरतंच.

पैशांचा प्रश्न खरा आहे. ट्रायनं 2020 मध्ये सांगितलं होतं की त्याच घरातल्या दुसऱ्या टीव्हीसाठी मूळ शुल्क पहिल्याच्या 40 टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ नये. 2024 मध्ये या शुल्कावरची मर्यादा काढली, त्यामुळे आता कंपनीला फोन करून दर आधी विचारून घ्यायचा. दर महिन्याचा खर्च झेपत नसेल तर दूरदर्शनची फ्री डिश आहे. 2004 मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावानं सुरू झालेली हीच सेवा. छत्री आणि बॉक्सचे पैसे एकदाच, महिन्याला काही नाही. सह्याद्री वाहिनी त्यावर दिसते. सगळ्या मालिका नाही मिळणार, पण रिमोट आपला.

"खोलीखोलीत टीव्ही झाले की घर तुटतं," असं मला सुनावणाऱ्या बायकाही आहेत. 1987 मध्ये रामायण सुरू झालं तेव्हा अख्खी गल्ली एका टीव्हीपुढे बसायची, तो काळ मलाही आठवतो. पण तेव्हा सगळ्यांना रामायणच बघायचं होतं! आणि एकत्र बसणं म्हणजे एकानं रिमोट धरायचा आणि बाकीच्यांनी बघायचं असं असेल, तर त्या एकत्रपणाचा मला फार कळवळा नाही. मोबाईल आहे की, असंही म्हणतात. सत्तरीच्या बाईनं त्या एवढ्याशा पडद्यावर काय बघायचं, ते म्हणणाऱ्यानंच सांगावं.

घर बांधताना ओट्याची उंची आपल्याला विचारतात, हल्ली फरशीचा रंगही विचारतात. टीव्हीची वायर कुठून न्यायची हे मात्र इलेक्ट्रिशियन आणि घरातले पुरुष परस्पर ठरवतात. भिंतीला प्लास्टर व्हायच्या आत छतापासून स्वयंपाकघरापर्यंत एक रिकामा पाईप टाकून घ्या. खर्च अगदी थोडा.

आईंच्या भावाची खबर त्या वेळी दोन दिवसांनी आली. सगळे सुखरूप होते. आता त्यांच्या उशाशी त्यांचा स्वतःचा बॉक्स आहे. परवा हॉलमध्ये सामना रंगला होता, तेवढ्यात आतून आवाज आला, "अरे, जरा हळू करा की रे. हितं मला काय ऐकू येईना!"